ऑपरेशनाआधीचे रोडगे

गोवऱ्यांचे निखारे लाल झाले तसे जनकाबाईंनी कणकेचा एकेक रोडगा त्यात पुरला आणि काठीने वर राख ओढली. मोताळ्याच्या शिवारात, धम्मरत्नच्या शेतातल्या कडुनिंबाखाली त्यांनी सकाळपासून ठाण मांडलं होतं. कपाशीची शेवटची वेचणी होऊन गेली होती आणि थंडीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं.

बेत त्यांचाच होता. लेकीचं, महामायाचं, बुधवारी औरंगाबादला ऑपरेशन होतं. वजन कमी करायचं ऑपरेशन. त्याआधी सगळ्यांनी एकदा शेतात बसून जेवावं, असं त्यांनी मुलाला सांगितलं, आणि धम्मरत्नने लगेच मान डोलावली. बहिणीला चार गोष्टी समजवायला घरापेक्षा शेत बरं, असा त्याचा हिशोब. सुनेला मात्र हा बेत आवडला नव्हता.

"आत्याबाई, तिले पातळाशिवाय कायी खायची मनाई हाय," छाया वांगी चिरता चिरता म्हणाली. "अन् आपून तिच्यासमोर रोडगे मोडाव?"

"मंग तिच्यासाठी वरणाचं पाणी गाळून ठेव ना. मी कुठी तिले रोडगा खा म्हणते?"

छायाने वरण गाळलं, वाटीत काढलं, झाकण ठेवलं आणि हात धुवायला विहिरीवरच्या मोटारीकडे गेली.

जनकाबाईंनी ती पाठमोरी झालेली पाहिली. मग पहिला भाजलेला रोडगा राखेतून काढला, पदराने पुसला, त्याचा मऊ गाभा बोटांनी चुरून चुरून अगदी पिठासारखा केला आणि वाटीत ढवळला. वर तुपाचा गोळा सोडला. तूप विरघळून गेल्यावर वरण फक्त थोडं दाटसर दिसत होतं.

जावयाचा फोन आला होता तेव्हापासून हे त्यांच्या मनात होतं. प्रसेनजित म्हणाला होता, "ऑपरेशनच्या आधी पातळच घ्या लागते, आई. त्यानं लिव्हर लहान होते म्हणे, डॉक्टरले आत काम कराले जागा भेटते. जड खाल्लं तं तारीख पुढं ढकलते." मग जरा थांबून हळूच म्हणाला होता, "ढकलली तं ढकलली. काय होते?"

ते शेवटचं वाक्य जनकाबाईंनी धरून ठेवलं.

त्यांची थोरली बहीण गोजरबाई अशीच एका शिबिरात ऑपरेशनला गेली होती, मुलं बंद करायच्या. वेणी घालून, स्वतःच्या पायांनी. आली ती बैलगाडीत आडवी. त्या वेळी जनकाबाईंच्या कडेवर धम्मरत्न होता. डॉक्टर बदलले, दवाखाने बदलले, टीव्हीवर काय काय दाखवतात. पण 'ऑपरेशन' म्हटलं की त्यांना ती बैलगाडीच दिसायची.

*

महामाया बुलढाणा डेपोत कंडक्टर होती. आज ड्युटी नसली तरी ती आपल्याच गाडीने आली. ड्रायव्हर राम तिच्या ओळखीचा, त्याने राजूर घाट उतरताना मागे न बघताच विचारलं, "मॅडम, बुधवारनंतर तुमाले दोन सीट लागन का एकच?"

"अर्धीच लागन," ती म्हणाली. "केळाएवढं पोट ठिवनार हायेत माहं. बाकीच्या सीटवर तू बसजो."

गाडी हसली. तीही हसली. गेला महिनाभर ती असंच बोलत होती; डेपोत, शेजारी, दवाखान्यात. लोक भीत भीत विचारायच्या आत आपणच विनोद करून टाकायचा. शेजारी बसलेला प्रसेनजित तेवढा हसला नाही. तो भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होता आणि एरवीही कमीच बोलायचा.

रस्त्यापासून शेतापर्यंतची पायवाट छोटी होती, पण गुडघ्यांसाठी तिला दोनदा थांबावं लागलं. प्रसेनजित दोन्ही वेळा तिच्यासोबत थांबला. आजकाल तो संध्याकाळी भाकरी थापायला शिकत होता. "मी दवाखान्यात असीन तवा काय खासान?" असं म्हणून तिनेच त्याला परातीसमोर बसवलं होतं. पहिल्या दिवशी भाकरी मधेच फाटली तेव्हा दोघं हसले. नंतर कुणी हसलं नाही. हे शिकणं दवाखान्यापुरतं नाही, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

भीती तिला एका गोष्टीची होती. कापण्याची नाही, दुखण्याची नाही. तोंडावर तो मास्क ठेवतील, आकडे म्हणायला सांगतील, आणि मग काहीच नाही. दुपारी कुणी घरात नसताना ती पलंगावर पडून डोळे मिटून तसं करून बघायची. कुठवर आपण आपण असतो, ते शोधायची. आणि घाबरून उठून बसायची.

"ये ये," धम्मरत्नने सतरंजी झटकली. "बस. अन् आयक, मले बोलू दे एकदा मोकळं."

"बोल ना, दादा."

"हे बघ, पोट कापून वजन कमी करनं हे माह्या डोक्यातच बसत नाई. सकाळी चालाले जा. भात बंद कर. आपल्या गावातला तो पतसंस्थेवाला, किती बारीक झाला!"

"चालली ना, दादा. वर्षं झाले चालून राह्यली. दहा किलो जाते अन् बारा येते. भात तं मी कवाचाच सोडला. आता शुगर गोळीनं थांबत नाई, बीपी थांबत नाई, झोपतानी तोंडाले मशीन लावा लागते. डॉक्टर म्हणे, हे आता चालून होनारं नाई."

"डॉक्टर तं म्हननारच."

"असू दे, दादा," ती शांतपणे म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. भूक लागली होती, आणि राखेतून निघणाऱ्या रोडग्यांचा वास थेट पोटात उतरत होता. लहानपणी ती बाबांच्या मांडीवर बसून तुपात बुडवलेला रोडगा खायची. तेव्हाही जनकाबाई हातात दुसरा तयार ठेवून उभ्या असायच्या.

आताही आई वाटी घेऊन उभीच होती. "घे माय. निस्तं पानी हाय."

महामायाने घोट घेतला. दुसरा घेतला. मग तिचा हात थांबला.

इतक्या दिवसांनी जिभेवर काहीतरी दाट, खमंग आलं होतं. तूप. आणि तुपामागे भाजलेल्या गव्हाची चव. तोंडाला पाणी सुटलं, डोळे आपोआप मिटले, आणि तिसरा घोट गळ्याखाली उतरून गेल्यावर तिला कळलं की अर्धी वाटी संपली आहे.

"माय," ती म्हणाली. "यात काय टाकलं?"

*

छाया वांग्याच्या भाजीवर झाकण ठेवत होती, ती तशीच वळली. "मी तं गाळून ठेवलं होतं!"

"म्या टाकलं," जनकाबाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "रोडगा टाकला अन् तूप टाकलं."

"काऊन वो माय? तुले मालूम हाय ना मले चालत नाई म्हून?"

"मालूम हाय. म्हूनच टाकलं. तू खाल्लं तं डॉक्टर ऑपरेशन करत नाई. नाई करो. मले माही पोरगी पाह्यजे, जाडी तं जाडी."

धम्मरत्नने आश्चर्याने आईकडे पाहिलं. त्यालाही हे माहीत नव्हतं. "पन हे तुले सांगतलं कोनं?"

जनकाबाई चुलीकडे बघत राहिल्या.

प्रसेनजित सतरंजीच्या कडेला बसला होता. लोकांच्या जमिनी मोजताना दोन भावांमधे उभं राहून खरं काय ते सांगायची त्याला सवय होती. तिथे तो कधी डगमगला नव्हता. सासूबाई आपलं नाव घेणार नाहीत, हे त्याला दिसत होतं, आणि त्यामुळेच गप्प बसणं अशक्य झालं.

"मी सांगतलं," तो म्हणाला.

महामायाने त्याच्याकडे वळून पाहिलं. डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीला हा माणूस तिच्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वेळी 'हो' म्हणाला होता.

"तुमाले नाई पाह्यजे ऑपरेशन?"

"तसं नाई."

"मंग कसं हाय?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माया, झोपेत तुहा श्वास थांबते. मशीन लावायच्या आधी तं रोजच थांबे. आता बी कधी मास्क सरकला का थांबते. मी जागा असतो. तू परत श्वास घेईपर्यंत मले कायी सुचत नाई. मंग तिथी तुले बेशुद्ध करतीन, अन् मी बाहेर. मले आवाज बी येनार नाई. आईले फोनवर बोलून गेलो. त्या असं करतीन हे मले वाटलं नोतं. पन वाटलं नोतं असंही नाई म्हनता येत."

"हे मले काऊन नाई सांगतलं?"

"तू हसून राह्यली होती सगळ्याइसंग. मले वाटलं, मी भेलो तं तू बी भेशीन."

"मी पह्यलेच भेऊन राह्यली!" महामाया जोरात म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मी हसते म्हून तुमाले सगळ्याइले वाटते इले कायीच नाई. मी डोये मिटून पाह्यते दुपारी, कसं होईन म्हून. तुमाले भाकर काऊन शिकवली मी?"

प्रसेनजितने मान खाली घातली. "मालूम हाय," तो म्हणाला. "मले पह्यल्या दिवशीच समजलं."

ती रडत होती. महिनाभर दाबून ठेवलेलं रडू आता तिला आवरत नव्हतं, आणि तिने आवरलंही नाही. तो सरकून तिच्याजवळ बसला, सासूसमोर, मेहुण्यासमोर, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या घरात असं कुणी कुणासमोर करत नसे. धम्मरत्नने दुसरीकडे पाहिलं.

"मंग झालं तं," तो म्हणाला. "तिले बी भ्याव, जवाईबापूले बी भ्याव, मायले बी. कोनालेच नाई पाह्यजे. करा कॅन्सल!"

"थांबा जरा," छाया म्हणाली.

ती या घरात मोठ्याने बोलणारी सून नव्हती. नणंदेशी तर तिचं बोलणं सणावारापुरतंच होतं. भाऊराव, म्हणजे तिचे सासरे, शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हापासून दोघींत एक गारवा आला होता. महामायाची नोकरी बुलढाण्याला. ती सुट्टीला यायची, बापाजवळ बसायची, रडायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मागे छाया राहायची.

"बाबाच्या पायाची पट्टी मी बदलत होती," छाया म्हणाली. "तुमी कोनी पाहू शकत नोते. पह्यले अंगठा गेला. मंग पाऊल. मंग किडन्या. सगळं शुगरनं. तवा त्याइले कोनी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं नोतं, तरी गेलेच ना ते? हळूहळू गेले. मी पाह्यलं हाय हळूहळू जानं." ती सासूकडे वळली. "आत्याबाई, तुमाले गोजरमावशी दिसते. मले बाबाचा पाय दिसते. महामायाची शुगर त्याच रस्त्यानं चालली हाय. मले तिच्या पायाची पट्टी नाई करायची."

जनकाबाईंनी नवऱ्याचं नाव निघाल्यावर पदर डोक्यावर ओढून घेतला.

"दवाखान्यात फोन लाव," छाया नणंदेला म्हणाली. "खाल्लं ते सांगून टाक. मंग पाहू काय म्हन्ते."

फोन आहारतज्ज्ञ रेणुका मॅडमनी उचलला. महामायाने नाक पुसत सगळं सांगितलं: वाटी, तूप, रोडगा, आई. पलीकडून हसू ऐकू आलं.

"अर्धी वाटी ना? काही बिघडलं नाही. आत्तापासून पुन्हा पातळ सुरू करा. फक्त भरतीच्या दिवशी डॉक्टरांना हे सांगा, लपवू नका. आई आहेत का तिथे? द्या त्यांना."

फोन स्पीकरवर होता. जनकाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, आणि रागावणं ऐकायच्या आतच विचारलं, "बाई, तिले झोपवलं का ते उठन ना परत?"

पलीकडचं हसू ओसरलं.

"आजी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. पण असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात आणि बरे होऊन घरी जातात. तुमच्या मुलीचा झोपेत श्वास अडकतो, हे आम्हाला माहीत आहे. भुलीचे डॉक्टर त्या तयारीनेच येणार. ऑपरेशन संपेपर्यंत ते तिच्या डोक्याशी बसून असतात. तिचा श्वास बघायचा, एवढंच त्यांचं काम."

"डोक्यापाशी बसते कोनी?"

"हो, आजी. सगळा वेळ. उठत नाहीत."

जनकाबाईंनी फोन कानाजवळ नेला, जणू ते एकटीलाच ऐकायचं होतं. गोजरबाईच्या डोक्याशी कोण होतं? तंबूत ओळीने बाया झोपवल्या होत्या आणि डॉक्टर पुढच्या गावाला निघून गेला होता. एवढीच तर गोष्ट होती. इतकी वर्षं त्यांनी ती कुणाला विचारली नव्हती, कारण विचारायला कुणी समोर आलंच नव्हतं.

"अन् मी बाहेर बसली तं चालन?" त्यांनी विचारलं.

"चालेल की. या ना."

जनकाबाईंनी फोन लेकीच्या हातात दिला. "मी येते बुधवारी," त्या म्हणाल्या. मग धम्मरत्नकडे बघून, "अन् तू गाडी काढजो. मले यष्टीत उलट्या होतेत."

धम्मरत्नने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढतो ना. मी कुठी नाई म्हनून राह्यलो?"

महामाया हसली, आणि या वेळी हे हसू विनोदाचं नव्हतं. "जेवा आता," ती म्हणाली. "रोडगे थंडे करू नका माह्यासाठी. मी वासावर भागवते."

ते जेवले. वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. धम्मरत्नने तीन रोडगे खाल्ले आणि बहिणीची नजर चुकवून चौथा घेतला. छायाने नवं वरण गाळलं, अगदी निवळ, आणि वाटी स्वतःच्या हाताने नणंदेला दिली. जेवणं झाल्यावर मोटारीच्या धारेखाली भांडी घासताना महामाया तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. खाली बसता येत नव्हतं, म्हणून धुतलेली ताटं हातात घेत राहिली.

"वहिनी, बाबाच्या वक्ती मी तुमाले एकदाही…"

"राहू दे," छाया म्हणाली. "दवाखान्यात तुह्यापाशी मी राहीन. जवाईबापूले रक्त पाहून चक्कर येते. मले कायी होत नाई."

"येसान?"

"ताटं धर नीट. पाणी गळून राह्यलं तुह्या पायावर."

*

बुधवारी सकाळी महामायाला हिरवा गाऊन घालून बाहेर आणलं तेव्हा जनकाबाईंना ती एकदम लहान दिसली. एवढं मोठं अंग, पण चेहरा शाळेच्या पहिल्या दिवसाचा. सगळ्यांनी मिळून हळू आवाजात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. वॉर्डबॉयही तेवढा वेळ मान खाली घालून थांबला.

"माय, मले भ्याव वाटते," महामाया म्हणाली.

"मले बी," जनकाबाई म्हणाल्या. "जा."

दार बंद झालं. छाया सामान लावायला खोलीत गेली, धम्मरत्न गाडीकडे गेला, आणि बाकावर सासू-जावई राहिले. शेतात दोघांनी एकमेकांशी नजर मिळवली नव्हती. आता मिळवण्याची गरज नव्हती, शेजारीच बसले होते.

"तुमी माहं नाव नाई घेतलं त्या दिवशी," प्रसेनजित म्हणाला.

"घ्यायचं काय त्यात? भेलेल्या मानसाले कोनी पकडून देते का?"

तो थोडा हसला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं, आणि जनकाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून घड्याळ झाकून टाकलं. "तिथी डोक्यापाशी बसलेला हाय ना एक मानूस," त्या म्हणाल्या. "त्याले पाहू दे. आपून नको पाहू."

सर्जन बाहेर आले तेव्हा दोघंही एकदम उभे राहिले. डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "छान झालं. शुद्धीवर आली आहे, बोलते आहे. संध्याकाळी चालवू."

"आजच?" प्रसेनजितने विचारलं.

"आजच. पडून राहायचं नाही."

जनकाबाई पाया पडायला वाकल्या. डॉक्टरांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या नाई, बाप्पा. तो डोक्यापाशी बसते तो कोनता?" भुलीचे डॉक्टर आतून येत होते, तरुण, डोळे ओढलेले. जनकाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि हात जोडले. त्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनीही जोडले.

संध्याकाळी छायाने एका बाजूने आणि नर्सने दुसऱ्या बाजूने धरून महामायाला उभं केलं. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला, पण पाय टाकत होती. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती, तिथपर्यंत जायचं होतं. प्रसेनजित सलाईनचा स्टँड ढकलत मागे आणि जनकाबाई पुढे, वाट मोकळी करत.

खिडकीशी पोचल्यावर महामायाने भिंतीला हात लावला, दम घेतला आणि आईकडे निरखून पाहिलं.

"माय, तू सकायपासून जेवली का?"

जनकाबाईंनी पदर सारखा केला.

"अन् तुमी?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने सलाईनचा स्टँड सरळ केला.

"दोघंही खाली जा. आत्ता. मी इथी वहिनीसंग हावो. पोटभर जेवल्याबिगर वर येऊ नका."

खाली कँटीनमधे गर्दी कमी झाली होती. ताटं समोर आली. पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात. प्रसेनजितने पहिला घास घेतला आणि तसाच थांबून राहिला. जनकाबाई मात्र मान खाली घालून जेवत होत्या, सावकाश, एकेक घास नीट चावून. भाजीला मीठ कमी होतं. वरण कालचं असावं. त्यांनी ताट पुसून घेतलं, आणि वाढणारा समोरून निघून चालला तसं त्याला हाक मारली.

"ए बाबू," त्या म्हणाल्या, "अजून दोन पोळ्या आन. अन् जवाईबापूले बी वाढ, ते लाजून राह्यले."